चिकित्सक विवेकवाद कामाला लावताना: अर्थशास्त्रातला एक दावा पायरीपायरीने तपासूया

‘हे खोडून काढता येत नाही, म्हणजे हे विज्ञान नव्हे’ एवढं एक वाक्य हाती लागलं की नवखा वाचक विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याला सोबत घेऊन वादात उतरतो आणि थोड्याच वेळात अडकतो. समोरचा विचारतो, ‘मग मागणीचा नियम (किंमत वाढली की मागणी घटते) नेमक्या कोणत्या पाहणीने खोटा ठरेल, सांग.’ उत्तर सुचत नाही, कारण पॉपरचं म्हणणं शिक्क्यासारखं वापरलेलं असतं. खरं तर ती कामाची शिस्त आहे; तिलाच चिकित्सक विवेकवाद म्हणतात. खाली ती शिस्त एका दाव्यावर चालवून दाखवली आहे: ‘किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो.’

एक कागद घ्या, चार रकाने आखा. पहिल्यात दावा, दुसऱ्यात त्या दाव्याने केलेली मनाई, तिसऱ्यात सोबत मानलेली गृहीतकं आणि चौथ्यात ‘निकाल उलटा आला तर मी काय सोडेन’. चौथा रकाना आकडे बघण्याआधी भरायचा. बहुतेक लोक तो नंतर भरतात आणि मग सगळं मुसळ केरात जातं.

सुरुवातीला एवढं पक्कं करा

पॉपरचं हा विचार मांडणारं मूळ जर्मन पुस्तक १९३४ साली व्हिएन्नात आलं, मुखपृष्ठावर मात्र १९३५ छापलेलं होतं. इंग्रजी आवृत्तीला १९५९ उजाडावं लागलं. त्यातला तर्क छोटा आहे. कितीही उदाहरणं जमवली तरी ‘सर्व’ किंवा ‘नेहमी’ असं म्हणणारं विधान सिद्ध होत नाही. मात्र त्याच्या विरुद्ध जाणारं एक विधान आपण मान्य केलं, तर ते सर्वव्यापी विधान खोटं ठरतं. पहिला अर्धा भाग तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा, १७३९ चा. आपल्याकडे चार्वाकांनी व्याप्तीवर (दोन गोष्टी नेहमी सोबत असतात या नियमावर) घेतलेला आक्षेपही याच जातीचा: धूर तिथे अग्नी हे तुम्ही पाहिलं तेवढ्या ठिकाणी, बाकीच्या ठिकाणांचं काय? पॉपरने वेगळं केलं ते पुढे. विगमनाला, म्हणजे उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढण्याला, आधार शोधण्याचा नाद त्याने सोडला आणि अटकळ बांधा, मग ती पाडायचा कसून प्रयत्न करा, असा क्रम लावला.

इथे तीन गोंधळ हमखास होतात. ‘खंडनक्षम’ (खोडून काढता येण्याजोगं) म्हणजे ‘खोटं’ नव्हे; खंडनक्षम विधान खरंही असू शकतं. दुसरं, व्हिएन्ना मंडळ या तत्त्वज्ञांच्या गटाचा पडताळ्याचा निकष विधानाला अर्थ आहे की नाही हे ठरवण्यासाठी होता. पॉपरचा निकष विज्ञान आणि इतर विचार यांच्यात रेघ ओढण्यासाठी आहे. रेघेपलीकडचं निरर्थक असतं, असं तो म्हणत नाही. तिसरं, कसोट्यांतून टिकलेला सिद्धांत ‘अधिक संभाव्य’ होत नाही, तो फक्त ‘आजवर टिकला’ एवढंच म्हणता येतं.

पायरी १: हा नियम आहे, कल आहे की नुसतं ‘कधीतरी होईल’?

‘कधीतरी मंदी येईल’ हे वाक्य कोणतीही पाहणी खोटं पाडू शकत नाही. आज आली नाही तर उद्या येईल. त्याला मुदत आणि मोजमाप द्या, म्हणजे ते कसोटीच्या टप्प्यात येतं.

कल ओळखणं अधिक अवघड. अर्थतज्ज्ञ फिलिप्सने १९५८ साली ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातली बेरोजगारी आणि मजुरीतली वाढ यांचा संबंध मांडला. जवळपास शतकभराचा आलेख समोर असल्यावर तो नियमच वाटणार. पुढे चलनवाढ जास्त ठेवली की बेरोजगारी कमी राहते, असा त्याचा धोरणासाठी अर्थ लावला गेला. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धातच सांगितलं होतं की लोकांच्या अपेक्षा बदलल्या की हा सौदा मोडेल. सत्तरच्या दशकात चलनवाढ आणि बेरोजगारी दोन्ही एकत्र वाढल्या. कल हा काही परिस्थितींवर उभा असतो. त्या परिस्थिती लिहिल्या नाहीत तर कल कधी संपला हे कळतसुद्धा नाही. म्हणून पहिल्या रकान्यात दाव्याखाली एक ओळ जोडा: ‘हे कशामुळे चालू राहील?’

पायरी २: दाव्याचं मनाईत रूपांतर करा

सिद्धांत काय घडेल हे सांगतो त्यापेक्षा काय घडणार नाही हे सांगतो तेव्हा तो उपयोगाचा. आपला दावा असा पुन्हा लिहू: ‘ज्या उद्योगात बरेच कामगार किमान वेतनाच्या आसपास कमावतात, तिथे ते वेतन १५ टक्क्यांहून अधिक वाढलं, तर वर्षभराच्या आत, वेतन न वाढलेल्या शेजारच्या भागाशी तुलना करता, रोजगार वाढलेला दिसणार नाही.’

आता बघा, मूळ वाक्यात नसलेल्या किती गोष्टी आल्या: कोणता उद्योग, किती वाढ, किती मुदत, कोणाशी तुलना. यातली एकही गाळली तर नंतर पळायला वाट राहते. मुदत गाळली तर ‘परिणाम हळूहळू दिसेल’, तुलना गाळली तर ‘तेव्हा अर्थव्यवस्था तेजीत होती’. जास्त मनाई म्हणजे जास्त आशय. पॉपरच्या हिशेबात सिद्धांताचं वजन यावरून ठरतं. ‘रोजगारावर काही ना काही परिणाम होईल’ हे वाक्य जवळपास नेहमीच खरं ठरेल, आणि म्हणूनच त्यातून शिकायला काही मिळत नाही.

पायरी ३: सोबतची गृहीतकं मोजा

सिद्धांत एकटा कधीच कसोटीला बसत नाही. भौतिकशास्त्राबाबत हे पिएर ड्यूएमने १९०६ साली दाखवलं, तत्त्वज्ञ क्वाइनने १९५१ साली ते आणखी ताणलं. निकाल उलटा आला तर चूक सिद्धांताची, मोजमापाची की सोबतच्या एखाद्या गृहीतकाची, हे तर्क सांगत नाही.

अर्थशास्त्रात ही अडचण सर्वात जास्त ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ या शब्दांत लपते. पाठ्यपुस्तकात हे शब्द मागणीच्या नियमाला चिकटलेले असतात आणि विद्यार्थी ते मंत्रासारखे म्हणतो. करायचं हे: ‘इतर’ म्हणजे काय याची यादी करा. उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती, आवडीनिवडी, पुढच्या किमतींबद्दलच्या अपेक्षा. मग प्रत्येकासमोर लिहा, ‘हे बदललं का, हे मला वेगळं मोजता येतं का?’ मोजता येत असेल तर ते गृहीतक आहे. नसेल तर ती पळवाट आहे. ‘आवडीनिवडी’ हा त्यातला सगळ्यात सोयीचा दरवाजा. किंमत वाढून मागणीही वाढली की ‘आवड बदलली’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

पायरी ४: आकड्यांजवळ जा

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. म्हणजे जवळपास १९ टक्के वाढ. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीआधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी केली. निकाल १९९४ साली छापला. अर्धवेळ कामगार अर्धा धरून दर दुकानातली सरासरी पूर्णवेळ कामगारसंख्या अशी होती: न्यू जर्सीत २०.४४ वरून २१.०३, पेनसिल्व्हेनियात २३.३३ वरून २१.१७.

वजाबाकी स्वतः करा, लेखकांच्या निष्कर्षावर उडी मारू नका. न्यू जर्सीत ०.५९ ची वाढ, पेनसिल्व्हेनियात २.१६ ची घट, दोन्हींतला फरक २.७५. आपल्या दुसऱ्या रकान्यातली मनाई मोडली. पण मोडली कशाच्या जोरावर ते पाहा. फरकाचा मोठा हिस्सा पेनसिल्व्हेनियातल्या घटीतून आला आहे. म्हणजे सगळा भार एका गृहीतकावर आहे: वेतनवाढ झाली नसती तर न्यू जर्सीतही तेवढीच घट झाली असती. हे गृहीतक तिसऱ्या रकान्यात नसेल तर परत जाऊन लिहा. ते चूक असेल तर निकाल डळमळतो. बरोबर असेल तर मूळ दावा अडचणीत आहे.

पॉपर ज्यांना पायाभूत विधानं म्हणतो, ती ही: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक इतकं. तीही अंतिम नसतात. पाहणीतून आलेल्या संख्या आपण मान्य करतो आणि कोणी सबळ शंका काढली तर त्यांचीही तपासणी करतो. इथे तसंच झालं. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी फोनवरच्या उत्तरांऐवजी दुकानांच्या पगाराच्या नोंदी घेतल्या. त्यांना न्यू जर्सीत तुलनेने घट दिसली. २००० साली दोन्ही बाजू समोरासमोर छापून आल्या. कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदी वापरून परिणाम फारसा नसल्याचं पुन्हा मांडलं. नवख्याने यातून ‘मग काहीच ठरत नाही’ असं म्हणून हात झटकू नयेत. वाद कुठे सरकला ते बघा: ‘किमान वेतन वाईट की चांगलं’ इथून ‘कोणती नोंद विश्वासार्ह आणि कोणता शेजार तुलनेला योग्य’ इथे. ही प्रगती आहे, कारण दुसरा प्रश्न तपासता येतो.

एक तांत्रिक सापळा. संभाव्यतेची विधानं तर्काने कधीच पूर्ण खोटी पडत नाहीत. कितीही विचित्र नमुना अशक्य नसतो, फक्त दुर्मीळ असतो. म्हणून किती दुर्मीळ झालं की सोडायचं, हा नियम आपणच आधी ठरवायचा असतो. आणि ‘परिणाम शून्य’ हे विधान पाच टक्क्यांच्या पातळीवर (परिणाम खरोखर शून्य असता तर असा निकाल शंभरात पाचांहून कमी वेळा आला असता, या आधारावर) फेटाळलं म्हणजे आपला सिद्धांत कसोटीतून पार पडला, असं समजू नका. पॉल मील यांनी १९६७ साली मानसशास्त्राबद्दल हेच दाखवलं: नेमका शून्य परिणाम क्वचितच असतो, त्यामुळे नमुना मोठा केला की ‘परिणाम शून्य’ हे विधान पडणारच. यात डाव शून्याचा लागतो, आपल्या सिद्धांताचा नाही. सिद्धांताने आकडा किंवा निदान पट्टा द्यावा आणि तो पट्टा चुकला तर पडावं.

पायरी ५: ठिगळाची परीक्षा

कसोटी अंगाशी आली की सिद्धांताला ठिगळ लावायची इच्छा होते. ठिगळ लावणं हा गुन्हा नाही. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणिताप्रमाणे येत नव्हती, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ ल वेरिएने न दिसलेला एक ग्रह गृहीत धरला आणि तो आकाशात कुठे असेल ते सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये गालेला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतला फरक समजावायला याच ल वेरिएने सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. त्याचं नाव व्हल्कन. तो सापडला नाही. शतकात ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ साली आइनस्टाइनच्या सिद्धांताने सुटला. दोन्ही ठिगळं तर्काने सारखी होती आणि दोन्ही प्रामाणिक होती, कारण दोन्हींनी ‘दुर्बीण इकडे वळवा’ असं सांगितलं.

अर्थशास्त्रात हाच प्रश्न विचारायचा: ठिगळाने नवी मनाई आणली का? किमान वेतनाच्या निकालानंतर ‘त्या भागात कामगार घेणारे थोडेच असल्याने मजुरी दाबलेली होती, म्हणून वेतन वाढवूनही रोजगार घटला नाही’ असं उत्तर येतं. कामगारांच्या बाजारातल्या एकट्या खरेदीदाराचं हे गणित जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच मांडलं होतं, त्यामुळे ते ऐनवेळी शोधलेलं नाही. शिवाय ते नवं काही तरी नाकारतं: मालक अनेक आणि स्पर्धा तीव्र असेल तिथे हा परिणाम दिसता कामा नये आणि वेतन एका मर्यादेपलीकडे वाढवलं तर रोजगार घटायलाच हवा. हे ठिगळ घ्या. ‘लोकांना त्या वर्षी जास्त बर्गर खावेसे वाटले’ हे ठिगळ, जोवर वेगळ्या पुराव्याने तपासता येत नाही, तोवर बाजूला ठेवा.

पायरी ६: समोरचा कुठल्या छावणीतून बोलतोय ते ओळखा

पद्धतीचे वाद बऱ्याचदा यासाठी रेंगाळतात की दोघे वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत असतात. एक जुना, प्रसिद्ध वाद १८८३ चा, दोन अर्थतज्ज्ञांमधला: कार्ल मेंगर म्हणाला, अर्थशास्त्रात अमूर्त, काटेकोर सिद्धांत हवेत, गुस्ताव श्मॉलर म्हणाला, आधी इतिहास आणि तपशील. मेंगरने १८८४ साली पुस्तिका लिहून पलटवार केला, श्मॉलरने ती परीक्षण न करता परत पाठवली. वाद कसा करू नये याचं हे चांगलं उदाहरण.

अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मीझेसचा अनुयायी भेटला तर आकडे दाखवून उपयोग नाही. त्याच्या मते अर्थशास्त्राची मूळ विधानं ‘माणूस हेतूने कृती करतो’ यातून निघतात, अनुभवाने ती पडत नाहीत. त्याला विचारा: त्या एका विधानातून वेतनाच्या दाव्यापर्यंत येताना कोणती जादा विधानं घेतली? ती जादा विधानं अनुभवाचीच असतात, आणि तिथे कसोटी लागू होते. लायोनेल रॉबिन्सच्या १९३२ च्या निबंधातही गृहीतकं रोजच्या अनुभवातून उघड आहेत असा सूर होता. १९३८ साली टेरेन्स हचिसनने पॉपरचा निकष हाती घेऊन त्यावर हल्ला चढवला. अर्थशास्त्रात खंडनक्षमतेची चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

मिल्टन फ्रीडमनचा १९५३ चा निबंध मात्र सावकाश वाचा, कारण तो पॉपरसारखा वाटतो आणि तसा नाही. त्याचं म्हणणं, गृहीतकं वास्तवाशी जुळतात का हे विचारू नका, भाकितं जुळतात का ते विचारा. झाडाची पानं जणू जास्तीत जास्त ऊन मिळावं अशा हिशेबाने लागलेली असतात. पान हिशेब करत नाही, तरी भाकीत बरोबर येतं. इथपर्यंत ठीक. पण खोट्या गृहीतकातून खरा निष्कर्ष निघू शकतो, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं आहे. म्हणून भाकीत जुळलं म्हणजे सिद्धांत खरा, असं होत नाही. पॉल सॅम्युएलसनने १९६३ साली बोट ठेवलं ते असं: गृहीतक हा सिद्धांताचाच भाग आहे, तो भाग खोटा असेल तर सिद्धांत तेवढा खोटा आहेच, ते गुण म्हणून मिरवता येत नाही. पॉपरला सिद्धांत सत्याच्या शोधासाठी हवा होता, फ्रीडमनला अवजार म्हणून. अवजाराची खोटेखरेपणाची नाही, कुठे चालतं याची कसोटी होते. म्हणून ‘जणू’ हा शब्द दिसला की विचारा: हे कोणत्या परिस्थितीत चालणार नाही? उत्तर नसेल तर ते अवजारही नीट नाही.

आता पॉपरच्याच घरातली गाठ. समाजशास्त्रांसाठी त्याने परिस्थितीच्या तर्काची पद्धत सुचवली: माणसाची परिस्थिती, माहिती आणि उद्दिष्टं मांडा, मग तो त्या परिस्थितीला साजेसं वागेल असं धरा. हे शेवटचं धरणं सर्वांसाठी खरं नाही, असं पॉपर स्वतः मान्य करतो. तरीही कसोटी फसली तर परिस्थितीचं चित्र बदला, हे तत्त्व राखा, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे निसर्गविज्ञानात ज्याला तो पळवाट म्हणेल, तिला इथे परवानगी. टीकाकारांनी हे बरोबर पकडलं आहे. आमच्या मते सवलत घेता येते, पण तिसऱ्या रकान्यात ‘इथे सवलत घेतली’ अशी उघड नोंद हवी. विज्ञानाचा तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश याने ही राखीव जागा सिद्धांताचा ‘गाभा’ म्हणून अधिकृतच केली आणि निकाल एका सिद्धांताऐवजी सिद्धांतांच्या मालिकेवर लावला: मालिका नवी भाकितं देते का, की नुसती मागून धावत सारवासारव करते? त्याच्या पद्धतीत मालिका कधी सोडायची याची मुदत नाही, हा तिचा कच्चा दुवा. तुमच्या कागदावर मुदत तुम्ही घाला.

पायरी ७: कागद विरोधकाच्या हातात द्या

वस्तुनिष्ठता एका माणसाच्या निःपक्षपाती मनात नसते, परस्परांच्या टीकेत असते, असं पॉपर म्हणतो. मग ही पायरी ऐच्छिक राहत नाही. भरलेला कागद अशा माणसाला द्या ज्याला तुमचा दावा पटत नाही. पहिले तीन रकाने दाखवा, चौथा झाका. त्याला दोन गोष्टी करायला सांगा: मनाई आणखी कडक करता येईल का ते लिहायचं, आणि तिसऱ्या रकान्यात राहून गेलेलं एक तरी गृहीतक भरायचं. मग चौथा उघडा. तुम्ही सोडायला तयार असलेली गोष्ट सिद्धांताच्या मधोमध असेल तर पुढे आकडे गोळा करा. ती कोपऱ्यातली असेल, म्हणजे ‘नमुना छोटा होता’ किंवा ‘मुदत कमी पडली’ अशीच काही, तर आकड्यांना हात लावायच्या आधी दुसऱ्या पायरीवर परत जा आणि मनाई नव्याने लिहा.